टाकीचे गाल

लाकूड फाडायच्या मशीनची गोष्ट आहे म्हटलं की ऐकणारा आधी माझी बोटं मोजतो. मोजा. दहा आहेत. मग त्याला वाटतं, आता पाचर येईल, खच्चकन आवाज होईल, रक्ताची चिळकांडी उडेल अन् हा पोट्टा ते सगळं तोंडाच्या आवाजासकट करून दाखवेल. माझ्यावर लोकांचा तेवढा भरोसा आहे. पण तसं काही झालं नाही. पाचरीने कोणाला शिवलंसुद्धा नाही. रक्त निघालं ते मच्छर मारल्यावर निघतं तेवढं. कोणी ओरडलंही नाही. भर उजेडात, अर्ध्या गावासमोर माझ्या मोठ्या भावाचा उजवा हात बाद होत होता, अन् आम्ही सगळे तिथेच उभे राहून मशीनला काय झालं ते शोधून राहिलो होतो.

दादा राईस मिलमध्ये फिटर. आमचं गाव आमगावच्या अलीकडे, अन् मिल गावाला लागूनच. मिलमध्ये दादाकडे पाने होते, पकडी होत्या, पण त्याचं खरं हत्यार म्हणजे हात. बेअरिंग तापलं का, हात ठेवून सांगायचा. पट्टा ढिला आहे का, मोटर आतून थरथरते का, हात. कांडलेला तांदूळ चिमटीत धरून सांगायचा की मशीनची जाळी घासली आहे. मालक त्याला म्हणायचा, "मी तुझ्या हाताला पगार देतो, बाकीचा तू फुकटात येतोस." मी मालकाची नक्कल करायचो तेव्हा हेच वाक्य घ्यायचो, पोट पुढे काढून.

ती मशीन दादाने भंगारातून जमवली होती. मिलमधली जुनी मोटर, ट्रॅक्टरचा पंप, मोडीत निघालेल्या लोडरचा सिलिंडर, अन् रुळाच्या तुकड्यावर वेल्डिंग केलेली पाचर. काम सोपं. पंप टाकीतून तेल ओढतो, पाइपातून सिलिंडरमध्ये ढकलतो, सिलिंडरचा दांडा पुढे सरकतो अन् लाकडाला पाचरीवर दाबतो. टाकी म्हणजे हलवायाकडे असतो तो तेलाचा चौकोनी पिपा. त्याच्या टोपणाला दादाने खिळ्याने भोक पाडलं होतं. तेल खाली गेलं की तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, नाहीतर पंप ओढेल कुठून?

आता मिलमध्ये कोंडा असतो. ज्याने राईस मिल पाहिली नाही त्याला हे सांगून समजत नाही. कोंडा हवेत राहतो, पापण्यांवर बसतो, जेवणाच्या डब्यात शिरतो. त्यामुळे आमच्याकडे कोणतीही वस्तू ठेवायची म्हणजे आधी तिचं तोंड बांधायचं. चहाच्या कपावर बशी, माठावर ओलं फडकं, मोबाईलला प्लास्टिकची पन्नी. मशीन मिलच्या शेडमध्ये ठेवली तेव्हा तिच्या टाकीच्या तोंडालाही पन्नी बांधली गेली, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर. कोणी बांधली ते कोणी विचारलं नाही. घरी दार लावलं ते कोणी लावलं, असं आपण विचारतो का?

भादव्यात शेजारचे आबाजी गेले. सख्खे नव्हेत, पण मी त्यांच्याच ओट्यावर लहानाचा मोठा झालो. तोंडात एक दात नव्हता. गाल आत ओढून, ओठ मिटून ते बोलायचे तेव्हा शब्दांच्या आधी हवाच निघायची. त्यांची नक्कल माझी सगळ्यात चांगली होती. तेच करायला लावायचे. "कर बे, मी असा बोलतो का?" मी करायचो. "नाई जमलं," म्हणायचे, अन् हुबेहूब तसंच म्हणायचे. सकाळी त्यांना ओट्यावर निजवलं तेव्हा गाल आणखी आत गेले होते. माझ्या बाजूला उभ्या पोट्ट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

आमच्याकडे रीत आहे, मयत झाली की घरटी एक लाकूड येतं. पहिले लोक खांद्यावर ओंडका घेऊन यायचे. आता घरोघरी गॅस आहे, लाकूड ठेवतो कोण? तरी रीत मोडवत नाही. आबाजींच्या अंगणात त्या दिवशी काय काय जमा झालं! खाटेचा पाय. पेटीची फळी, खिळ्यांसकट. तुटक्या खुर्चीची पाठ. एका घरून तर दाराची चौकट आली. अन् जे खरं लाकूड होतं ते महिनाभर पावसात भिजलेलं, हातात घेतलं की पाणी सुटायचं. एवढ्यात माणूस जळत नाही, हे सगळ्यांना दिसून राहिलं होतं. आबाजींची पोरगी डोंगरगडकडून गाडीने दुपारी येणार होती. ती आली की उचलायचं, अन् दिवस बुडायच्या आत अग्नी द्यायचा.

मिलच्या शेडमध्ये आंब्याचे ओंडके पडले होते. उन्हाळ्यातल्या वादळात पडलेलं झाड, छपराखाली चांगलं वाळलेलं. पण गाठीचं. कुऱ्हाड मारली की टणकन परत यायची. दोन हमालांनी घाम काढला अन् नुसत्या ढलप्या निघाल्या.

"सरका," दादा म्हणाला, "मशीन लावतो."

आमच्याकडे अजून एक गोष्ट मानतात, ती इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. सरणाचं लाकूड ज्याने फाडलं त्यानेच सरण रचायचं, अन् कवटी फुटेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. तो मधात उठला तर मुर्दा अर्धा राहतो म्हणतात. खरं-खोटं कोण पाहायला जातो? पण "सरका" म्हणताना हे दादाला माहीत होतं.

पहिले काही ओंडके तर मशीनने असे फाडले जसा केळीचा गाभा. मग दांडा सुस्तावला. गाठीवर आला की थांबायचा, अन् पंप कुंईऽऽ करून रडायचा, खोलीत कोंडलेल्या पिल्लासारखा.

"पट्टा घसरून राहिला," एक हमाल म्हणाला.

"तूच घसरून राहिला," दादा म्हणाला. "पट्टा ठीक आहे."

"तेल कमी असन."

दादाने बटन बंद केलं, टाकीची पन्नी सोडली, टोपण काढून आत काडी बुडवली. तेल बरोबर. टोपण लावलं, पन्नी बांधली, मशीन सुरू. चांगली चालली. "हवा धरली होती तेलाने, निघाली," तो म्हणाला. थोड्या वेळाने परत तेच. परत बंद केली, परत पन्नी सोडून पाहिलं, तेल बरोबर, परत बांधली, परत चांगली चालली. प्रत्येक वेळी टोपण उघडलं की मशीन सुधारते, हे तिथल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. उघडतो ते पाहायसाठी, असंच सगळ्यांना वाटायचं.

तिसऱ्यांदा दादाला पंपाकडून येणाऱ्या पाइपावर ओल दिसली. प्रेशरचा जाड रबरी पाइप, तोही भंगारातला.

"पाइप गेला बे," तो म्हणाला. "इथूनच प्रेशर जाऊन राहिलं."

भोक काही दिसत नव्हतं. त्याने मला दांडा पुढे सोडायचं हँडल ओढायला सांगितलं. मी ओढलं. दांडा गाठीला भिडला, मशीन कण्हू लागली, अन् दादाने पाइपावरून उघडा हात फिरवला. हळूहळू, जसं सायकलच्या ट्यूबवर पंक्चर शोधताना आपण फिरवतो. आयुष्यभर तो सगळं हातानेच तर शोधत आला होता.

त्याने हात झटकला.

"काय झालं?"

"मुंगी चावली."

अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाच्या बुडाशी एक काळा ठिपका होता. पेनचं टोक लागल्यावर राहतो तेवढा. दादाने तो पँटला पुसला, मशीन बंद करायला लावली, अन् पाइपाच्या ओल्या जागेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली.

"आता पाहा."

आता पाहिलं तर तेच. दोन ओंडके बरे, तिसऱ्याला कुंईऽऽ. मागे लोक बोलायला लागले की कुऱ्हाडीच बऱ्या होत्या, बुढा असाच राहील इथे. दादा पंपाशी वाकला होता अन् मी हँडल धरून उभा. माझी नजर टाकीवर गेली.

टाकीचे गाल आत गेले होते.

पिप्याचे दोन्ही बाजूचे पत्रे आत ओढले होते, अन् पंप रडायला लागला की आणखी आत जात होते. तोंड बांधलेलं, अन् आत हवाच नाही. ते तोंड मी शंभर वेळा करून दाखवलं होतं. सकाळीच पाहिलंही होतं.

मी हँडल सोडलं अन् पन्नीचं रबर तोडलं. फुस्स झालं. मग पिपा ढब्बकन फुगला, अन् मशीन एकदम मोकळी झाली.

सगळे हसले. मयताच्या लाकडाशी उभे राहून हसले. एक हमाल म्हणाला, "आबाजीनं श्वास घेतला बे!" दादाने माझ्या पाठीत थाप मारली, डाव्या हाताने. तेव्हा मला वाटलं उजव्याला तेल लागलं असेल. पाइपाचं भोक होतं, खोटं नव्हतं, पण मशीन त्याने थांबत नव्हती. पाइपाला हात लावायची गरजच नव्हती. हे मी नंतर कोणासमोर बोललो नाही. दादाला तर न सांगता समजलं असणार.

लाकूड झालं. पोरगी आली, रडली. आम्ही निघालो. दादाने तिरडीला डावा खांदा दिला. नाल्यावर सरण रचताना तो लाकडाच्या फाडी डाव्या हाताने उचलून राहिला होता अन् उजवा छातीशी धरून.

"दाखव," मी म्हटलं.

"काई नाई. झोपला आहे हात."

बोट पांढरं पडलं होतं, मेणाचं असावं तसं. ठिपक्याभोवती फुगलं होतं. दाबलं तर म्हणाला, लागतच नाही.

"चाल ना, डॉक्टरले दाखवू. मी गाडी आणतो."

"मुंगी दाखवाले डॉक्टर? अन् इथे कोण थांबन? तू?"

"हो, मी थांबतो."

"तू लाकूड फाडलं का? हँडलवर नाचून राहिला होता नुसता." मग आवाज खाली करून म्हणाला, "बुढा अर्धा राहिला त लोक जन्मभर माह्या नावाने बोलतीन. चूप बैस."

अग्नी दिला. खालचं लाकूड ओलं, वरचं आंब्याचं, धूरच धूर. आमच्याकडे घरी जायच्या आधी प्रत्येकजण सरणावर पाच काड्या टाकतो, पंचलकडी म्हणतात. दादाची पाळी आली. त्याने काड्या उजव्या हातात घेतल्या, कारण डाव्याने टाकत नाहीत. मूठ मिटली नाही. दोन काड्या पायाशी पडल्या. मागून कोणी म्हणालं, "दोन्ही हाताने टाक, चालते." दादाने खाली वाकून डाव्या हाताने काड्या उचलल्या, उजव्या तळव्यावर ठेवल्या अन् हात तिरपा करून सरणावर सोडल्या. तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं. त्या तोंडाची मी कधी नक्कल केली नाही.

लोक गेले. आम्ही बसून राहिलो. आता हात ठणकायला लागला होता. दादा मनगट धरून पुढेमागे झुलत होता अन् आगीकडे पाहत होता, ती लवकर कवटीपर्यंत जावी म्हणून. मी त्याला हसवायचा प्रयत्न केला. गोंदियाच्या स्टेशनवरची अनाऊन्समेंटवाली बाई काढली. "यात्रीगण कृपया ध्यान दें." तो म्हणाला, "नको रे." एवढंच.

कवटी फुटली तेव्हा अंधार पडला होता.

गावातल्या डॉक्टरने हात पाहिला. "काटा रुतला का?"

"काटाच असन," दादा म्हणाला. मी म्हटलं मशीनचं तेल होतं. डॉक्टर म्हणाला, तेल लागलं तर साबणाने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या.

सकाळी हात वांग्यासारखा झाला होता, रंगानेही. वयनीने पाहिलं अन् तिच्या हातातली चाळणी खाली पडली. मी दादाला मोटरसायकलवर मागे बसवून गोंदियाला नेलं. हात खाली केला की ठणकायचा म्हणून त्याने पूर्ण रस्ता तो वर धरला. समोरून येणारे लोक आम्हाला हात दाखवत होते, त्यांना वाटलं हा ओळखीचा आहे.

तिथल्या डॉक्टरने ठिपका पाहिला, कोपरापर्यंत दाबत गेला, अन् दादाला नाही, मला विचारलं, "मशीन का तेल तो नहीं? प्रेशर वाला?"

"हो. पाइप लीक होता."

"कब हुआ?"

"काल दुपारी."

"कल दोपहर? और अभी ला रहे हो?"

"मयत थी, साहेब. वो कवटी..."

डॉक्टरने मला पुढे बोलू दिलं नाही. "सुई बराबर छेद दिखता है," तो म्हणाला, "प्रेशर से तेल घुसा है, अंदर पूरा गोदाम भरा है. नागपूर ले जाओ, अभी के अभी."

नागपूरला त्यांनी हात तळव्यापासून मनगटाच्या वरपर्यंत उघडला. आतून तेल धुऊन काढलं. परत उघडला, परत धुतलं. पहिलं बोट काळं पडत गेलं, ते काढलं. बाकीची राहिली, पण मधलं बोट वाकत नाही अन् अंगठ्याला टेकत नाही. चिमूट होत नाही. पाना धरता येत नाही, घास घेता येत नाही. घरी आणल्यावर वयनीने त्याच्या ताटात चमचा ठेवला. त्याने चमचा बाजूला सरकवला अन् डाव्या हाताने वरणभात कालवला. आमच्या घरात डाव्या हाताने जेवणाऱ्याला मार मिळायचा. मायने त्याला आणखी वरण वाढलं. मालकाने त्याला मिलच्या फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायला. तिथेही तो बसल्या बसल्या मोटरचा आवाज ऐकून ओरडायचा, "तीन नंबरचं बेअरिंग पाहा रे!" नवा फिटर जाऊन यायचा. "ठीक आहे," म्हणायचा. दादा उठून जायचा, उजवा हात बेअरिंगवर ठेवायचा, अन् तसाच उभा राहायचा. त्या हाताला गरम-थंड समजत नव्हतं.

मशीन शेडमध्ये तशीच पडली होती. भंगारवाला दोनदा पाहून गेला. मला ते सहन होत नव्हतं, काऊन ते मला सांगता येत नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी बसलो. जुनं तेल काढलं, ते ताकासारखं पांढरं झालं होतं. पिपा धुतला, तळाशी कोंड्याचा लगदा निघाला. गोंदियाहून नवा पाइप करून आणला. टोपणाच्या भोकात एक नळी बसवली, तिचं तोंड खाली वाकवलं अन् त्याला स्कूटरच्या फिल्टरचा स्पंज लावला. आता कोंडा आत जाणार नाही, हवा जाईल. पन्नी नाही. मग बटन दाबलं.

एक कुंई नाही. दांडा गेला, आला, गेला, आला. मी आंब्याचा एक उरलेला ओंडका लावला, गाठीचाच. कडाडकन फाटला.

दादा फाटकावर होता. त्याने नंतर वयनीला सांगितलं की पहिले त्याला वाटलं मीच तोंडाने मशीनचा आवाज काढून राहिलो, त्याच्या पोरीला हसवायला मी तो काढायचो. लाकूड फाटल्याचा आवाज आला तेव्हा तो पळत सुटला. शेडच्या दारात आला तेव्हा धाप लागली होती. त्याने आधी बटन बंद केलं. मग माझे दोन्ही हात ओढून उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट पाहिलं. मग डाव्या हाताने माझ्या कानाखाली ठेवून दिली. डाव्याची त्याला सवय झाली नव्हती, अर्धी मानेवर बसली.

"कोणाले विचारून चालू केली बे?"

"दादा, पाहा ना, नळी लावली, आता टाकी..."

"टाकी गेली मसणात! मी मेलो होतो का? फाटक इथून दोन पावलं आहे, तुले तोंड नाई? गावभराच्या नकला करत फिरते, एक हाक माराले जीभ झडली?"

"तुले दाखवाचं होतं चालू करून."

"काय दाखवाचं होतं? तुहा हात? हा नट पाहा, हा! हाताने फिरून राहिला. पाना कोणत्या हाताने मारला होता, पायाने? पाइप काऊन असा पिळून बसवला? सुटला असता त तोंडावर आला असता. गाठीचं लाकूड असं उभं लावते का कोणी? हातमोजे नाई, चष्मा नाई, बनियनवर उभा राजा! मायले काय सांगाचं होतं मी? तुह्या वयनीनं दोघाले भरवत बसाचं का? पकड तो पाना. पकड म्हणतो ना! आन प्रत्येक नट आवळ, माह्या समोर, सगळे. हळू. हळू म्हटलं, चुडी पडन, आटे जातीन. आन कायले हसून राहिला?"

"नाई हसून राहिलो, दादा. तोंडच असं आहे माहं."

"त बंद ठेव ते तोंड. आन पाइपापासून हात दूर. दूर म्हटलं! अजून दूर."